गाभण गायीला उष्णतेचा ताण झाला तर पोटातल्या कालवडीच्या पुढच्या दुधावर परिणाम होतो का?

हो, होतो. आटवलेल्या (म्हणजे विण्याआधी दूध काढणं थांबवलेल्या) गायीला गाभणपणाच्या शेवटच्या २ महिन्यांत सतत उष्णता सोसावी लागली, तर वासरू कमी वजनाचं जन्मतं, चिकातली रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्याला कमी मिळतात आणि पुढे पहिल्या वेतात ती कालवड दूधही कमी देते. यात डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. त्यांवरच्या मिथाइल गटाच्या (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक तुकड्यांच्या) खुणा बदलतात, त्यामुळे काही जनुकं दबतात, काही जास्त चालतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासात अशा वासरांच्या यकृतात आणि व्यालेल्या कालवडींच्या कासेत या खुणा वेगळ्या आढळल्या. म्हणून कळकळीने सांगतो, गाय भाकड आहे म्हणून तिला उन्हात ठेवू नका. सावली, पंखा, अंगावर पाणी तिलाही हवंच. पोटातली कालवड तेव्हाच घडत असते.