वढवाणा तळ्यावर ज्येष्ठांना नेण्याआधीची पाहणी: काय बघायचं आणि कोणी बघायचं

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्याच्या तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या २५-३० जणांना जानेवारीत डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर पक्षी बघायला न्यायचंय, तुम्ही आणि एक मित्र आधी बाइकवर जाऊन बघून येणार आहात, तर पाहणीत काय काय टिपून घ्यावं आणि पक्षी कुठले दिसतील?

बाइकवर जाऊ नका. आणि तुम्ही दोघंच जाऊ नका. असं का म्हणते ते सांगते, थोडं लांबेल.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. आमच्या मंडळाची सहल वढवाण्याला गेली ती २०२२ च्या डिसेंबरात. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, तळं रामसर यादीत आलं होतं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली होती. पेपरात फोटो आले, त्यामुळे मंडळात ज्याला त्याला जायचं होतं. आमचे तेव्हाचे सहलप्रमुख माझ्या यजमानांचे मित्र, मी त्यांना भाऊ म्हणते. भाऊ आणि दोन तरुण मुलं नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी बाइकवर जाऊन आली. तासभर तळ्यावर, वाटेत डभोईला चहा, संध्याकाळी घरी. बैठकीत सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवले.

मी तीन गोष्टी विचारल्या. बस कुठपर्यंत जाते? पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, चालायचं किती? बायकांची सोय कुठे आहे? भाऊ म्हणाले, "वहिनी, दहा मिनिटांची चाल आहे. आपल्याला तळं बघायचंय, दरोडा घालायचा नाही. एवढी रेकी कशाला?" सगळे हसले आणि मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

सहलीला ३८ जण. साडेसहाची बस सव्वासातला सुटली. गावाजवळ समोरून कापसाची ट्रॉली आली, रस्ता अरुंद, ड्रायव्हर म्हणाला आत घातली तर वळवता येणार नाही. तिथेच उतरलो आणि डबे, सतरंज्या हातात घेऊन निघालो. बाइकवरून गेलेल्यांना ते अंतर जाणवलंच नव्हतं. पाळीवर पोचेपर्यंतच पाऊण तास गेला.

माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा ७१ वर्षांच्या. त्यांना मधुमेह. पहाटे साखरेची गोळी घेतली, घाईत अर्धीच पोळी खाल्ली, आणि घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. का, हे कुठल्याही बाईला विचारा. सोय कुठे आहे ते माहीत नसलं की बायका पाणीच पीत नाहीत. शौचालय होतं, पण ते मागे प्रवेशाजवळ राहिलं. कुणी थांबवून "आधी इथे जाऊन या" असं सांगितलं नाही, कारण पाहणीला गेलेल्या तिघांपैकी कुणाला त्याची गरजच पडली नव्हती.

पाळीवर जाऊबाईंना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. खाण्याचं सामान बसमध्ये, कॅमेरेवाली मुलं कुठल्या कुठे पुढे. शेतावर निघालेली एक बाई थांबली, "बेन, जरा बेसो ने," म्हणत तिने त्यांना खाली बसवलं, आपल्या शिदोरीतला गूळ काढून हातावर ठेवला. वीसेक मिनिटांनी त्या सावरल्या. सावरल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अगं, मला एकही पक्षी नीट दिसला नाही." तेही खरंच होतं. भाऊंनी दुपारी पाहिलं तेव्हा ऊन पाठीमागून होतं, तीच जागा सकाळी सूर्यासमोर. पाण्यावर शेकड्यांनी बदकं आणि सगळी नुसते काळे ठिपके.

परतताना बसमध्ये भाऊ मोठ्याने म्हणाले, "ज्यांना झेपत नाही त्यांनी यायचं कशाला?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. जाऊबाईंचं माहेर डभोईचं. त्यांचे आजोबा तिथल्या छोट्या लाइनवर नोकरीला होते. गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही रेल्वे सुरू केली, सुरुवातीला तिचे डबे बैल ओढायचे. ती आपल्या देशातली पहिली नॅरोगेज. त्या घरातली मुलगी वढवाण्याचं तळं लहानपणापासून बघत आलेली. ते सयाजीरावांच्या काळात १९१० च्या सुमारास शेतीसाठी बांधलं, ओरसंग नदीचं पाणी जोजवाच्या बंधाऱ्यावरून कालव्याने तिथे येतं, हे आम्हांला त्यांच्याकडून कळलं, पेपरातून नाही. त्या बसमध्ये तळं खऱ्या अर्थाने माहीत असलेलं माणूस एकच होतं आणि त्यालाच कशाला आलात म्हणून विचारलं गेलं.

तीन आठवड्यांनी, उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, आधी, मी, जाऊबाई आणि पुतण्या गाडीने परत गेलो. ही खरी पाहणी. सकाळी त्याच वेळी गेलो. पुढे जाऊबाई, त्यांच्या चालीने आम्ही, आणि पुतण्याच्या हातात घड्याळ. भाऊंची दहा मिनिटं त्यांना सव्वीस लागली, मध्ये दोनदा टेकावं लागलं. टेकायला सावली कुठे, पाळीचा उतार कुठे निसरडा, सूर्य पाठीशी ठेवून उभं राहता येईल अशी जागा कुठली, मोठी बस कुठे थांबवून कुठे वळवायची, हे पुतण्याने एका कागदावर लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पाण्याचंही तेव्हाच समजलं. हे सिंचनाचं तळं आहे. रब्बीला पाणी सोडलं की पातळी उतरते, काठाला चिखल आणि उथळ पाणी तयार होतं, आणि पक्षी जागा बदलतात. उथळ पाण्यात शेकाट्या आणि चिखलात चोची खुपसणारे छोटे पक्षी येतात, खोल पाणी हवं असणारी बदकं मध्यभागी सरकतात. म्हणून नोव्हेंबरात पाहून जानेवारीत लोकांना नेण्यात अर्थ नाही. पाहणी सहलीच्या आठ-दहा दिवस आधीची हवी.

त्या दिवशी आम्ही एकाच जागी सव्वा तास बसलो. आधी नुसते वारकरी पक्षी दिसले, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. मग हळूहळू थापट्या, तलवार बदकं, चक्रवाकांची एक जोडी, पाणवनस्पतींवरून चालणारा कमळपक्षी, काठाच्या गवतात जांभळी पाणकोंबडी. शेवटी पलीकडून कलहंसांचा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला. जाऊबाई उभ्या राहून बघत होत्या. पक्षी बघायला पाळ तुडवावी लागते हा तरुण पोरांचा समज आहे. म्हाताऱ्या माणसांना बसायला चांगली जागा द्या, पक्षी त्यांच्यासमोर येतात.

फेब्रुवारीत आम्ही १६ जणांना घेऊन गेलो. उतरल्याबरोबर सगळ्यांनी आधी शौचालय, मग तिथेच प्रत्येकाने पाणी पिऊन घ्यायचं, मग एक केळं किंवा चिक्की, आणि नंतरच पाळीवर. जाऊबाई पुढे. कुणालाही काही झालं नाही. भाऊ आले नाहीत. आजही विषय निघाला की म्हणतात, "वहिनी, तुम्ही फार बाऊ करता." बाऊ नव्हे. ३८ जणांची जबाबदारी अंगावर घेतल्यावर आपल्याला जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल असं धरून चालणं हा निष्काळजीपणा आहे, आणि मी हे त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर बरंचसं आलंच. पट्टकदंबही बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा हंस. मध्य आशियाच्या मार्गाने स्थलांतर करणाऱ्या ८० हून जास्त जातींचे पाणपक्षी हिवाळ्यात या तळ्यावर उतरतात. दुर्बिणी माणशी एक नको, पण चार तरी हव्यात, नाहीतर मागे बसलेल्यांना काही दिसत नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. माझा अनुभव २०२२-२३ चा आहे, तेव्हापासून रस्ता आणि सोयी बदललेल्या असतील, सुधारल्याही असतील. तिकीट, वेळा आणि पक्षीगणनेच्या दिवशी प्रवेश असतो का, हे वन खात्याला आधी विचारून घ्या. १४ आणि १५ जानेवारी सोडून द्या. उत्तरायणात मांजा रस्त्यावर आडवा येतो, पक्षीही जखमी होतात, त्या दिवसांत फिरायला जाऊ नये. जानेवारीत पहाटे धुकं असलं तर सात वाजता काही दिसत नाही, साडेआठला पोचलात तरी चालतं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या वेळा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचाराव्यात, मी सांगितलं म्हणून बदलू नयेत. आणि माझी जाऊ आजारी पडली म्हणून मी जरा जास्तच कडक लिहिलं असेल. तुमच्या संघात सगळे धडधाकट असतील तर यातलं निम्मं लागणारही नाही.

तरी पाहणीला तुम्ही आणि मित्र एवढेच जाऊ नका. तुमच्या संघात सगळ्यात हळू चालणाऱ्या ज्या कोणी बाई असतील त्यांना आज संध्याकाळी फोन करा, पाहणीला कधी जमेल ते विचारा, आणि त्या सांगतील ती तारीख धरून गाडी ठरवा.