पैठण सातवाहनांची राजधानी होती, मग तिथे राजवाडा का दिसत नाही? शालिवाहनाची गोष्ट खरी का?

राजवाडा बघायचा असेल तर म्हैसूरला जा. पैठण दोन हजार वर्षं नांदतं गाव आहे, घरावर घर चढलेलं. सातवाहनांनी दगड कोरला तो नाणेघाटात आणि नाशिकच्या लेण्यांत. इथलं काम विटा-लाकडाचं. आयत्या विटा कोण सोडतो? उकरल्या आणि नव्या भिंतीत घातल्या.

नेमका हाच प्रश्न माझ्या आतेभावाने नाथषष्ठीला भरल्या घरात टाकला होता, तोही खवचटपणे. "तुमच्या राजधानीत आहे काय? एक धरण आणि साड्या." स्वारी पुण्याची. शनिवारवाड्याची तटबंदी दिसते म्हणून तो इतिहास, आमचा जमिनीखाली म्हणून गप्पा! आत्या म्हणाली, जाऊ दे रे. मी नाही जाऊ दिलं. दिंड्यांच्या गर्दीतून काढून त्याला जुन्या टेकाडाकडे नेलं. तिथे एका बाजूने दरड ढासळलीय, थर उघडे दिसतात. वर राखेचा काळा पट्टा, खाली खापऱ्या, त्याखाली वीट, आताच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब. एक खापर आतून काळं, बाहेरून तांबडं. दादा म्हणाला, "फुटकं मडकं."

म्हटलं, दादा, याच गावातून अकीकाचे दगड गाड्या भरभरून भडोच बंदरात जायचे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय, भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. त्यावर साहेबांचं उत्तर, "आणि कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे हत्ती-घोडे जिवंत करून विक्रमादित्याला पळवलं, तेही त्यानेच लिहिलंय का?"

आता तुमच्याकडे वळतो. नाही, मातीचे घोडे धावत नाहीत. पण गोष्टीतला शत्रू उज्जैनचा आहे, आणि सातवाहनांचे खरे वैरी शक क्षत्रप, म्हणजे पश्चिमेकडचे शक राजे. त्यातल्या चष्टनाच्या घराण्याची गादी उज्जैनलाच होती. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांच्यातल्याच दुसऱ्या घराण्याच्या नहपान क्षत्रपाला असं झोपवलं की नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या 13 हजारांवर नाण्यांपैकी बहुतेकांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. गावाने लढाई लक्षात ठेवली, नावं बदलली. आणि मातीच्या सैन्याचं म्हणाल, तर इथल्या मातीत भाजक्या मातीच्या मूर्ती निघतात. नांगराला मातीचा घोडा लागला की आजी नातवाला दुसरं काय सांगणार? "दंतकथा" म्हणून नाक मुरडणाऱ्याला एवढा विचार करायला काय होतं?

जाणार असाल तर धरणाला अर्धा तास पुरे, सत्तावीस दारं उघडली असली तर एक तास. वेळ द्या तो पुराणवस्तू संग्रहालयाला, नागघाटाला (ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले म्हणतात ती जागा) आणि नाथांच्या वाड्यातल्या रांजणाला. तुकाराम बीजेपासून तो भरायला घेतात. ज्याच्या घागरीने वाहील, तो त्या वर्षीचा श्रीखंड्या (नाथांघरी पाणी भरायला देव याच नावाने राहिला म्हणतात). टेकाडावरचं खापर मात्र खिशात घालू नका.

हो, मातीच्या घोड्याचा तर्क माझा आहे, त्याला पुरावा नाही. आणि इ. स. 78 चा शक, म्हणजे ती कालगणना, शालिवाहनाने सुरू केली, हे पंचांगापुरतं ठीक. शालिवाहनाचं नाव त्या शकाला कित्येक शतकांनी चिकटलं. चष्टनाचेच वंशज तो वापरत होते. दादाला हे सांगितलेलं नाही.