वाचनखूण, पृष्ठखूण की खूणपट्टी?

छापील पुस्तकांसाठी चांगले ‘बुकमार्क’ निवडू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की या वस्तूला मराठीत ‘वाचनखूण’ म्हणावे, ‘पृष्ठखूण’ म्हणावे, की ‘बुकमार्क’ हाच शब्द ठेवावा. आणि तो ठेवलाच, तर ‘तो बुकमार्क’ म्हणावे की ‘ते बुकमार्क’?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. परीक्षेतला ‘मार्क’ मराठीत पुल्लिंगी रुळलेला असल्यामुळे ‘बुकमार्क’ही पुल्लिंगीच लिहावा.

मराठी शब्दासाठी मात्र थोडे मागे जावे लागते. पोथीची पाने सुटी असत, त्यामुळे वाचलेले पान उलटून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवले, की वाचन कुठवर आले ते पोथीच सांगत असे. शिवाय थांबण्याची जागा पानावरून नव्हे, तर अध्याय आणि ओवी यांवरून ध्यानात राही. गुरुचरित्राच्या सप्ताहात तर रोज कोणत्या अध्यायापर्यंत वाचायचे हे आधीच ठरलेले असते, आणि प्रचलित क्रमांपैकी एकात पहिल्या दिवशी ९ अध्याय होतात. बांधणीचे पुस्तक हाती आल्यावर पान सापडेनासे होण्याची अडचण वाढली आणि ती मोरपीस, पिंपळाचे जाळीदार पान, लग्नपत्रिकेची पट्टी, एसटीचे तिकीट अशा हाताला लागेल त्या वस्तूने भागवली गेली. वस्तूच ठरलेली नसल्यामुळे तिला वेगळ्या नावाची गरज पडली नाही. “पानात खूण घालून ठेव” एवढे म्हटले तरी पुरे.

‘वाचनखूण’ हा शब्द या बोलीतल्या ‘खुणे’ला धरून आहे, म्हणून तो मला ‘पृष्ठखुणे’पेक्षा सरस वाटतो. ‘पृष्ठखूण’ म्हटले, की पृष्ठावर केलेली किंवा उमटलेली खूण डोळ्यांपुढे येते, आणि चांगल्या बुकमार्कने नेमके तेच करायचे नसते. या कसोटीवर बाजारातल्या पुष्कळ देखण्या वस्तू उतरत नाहीत. धातूची चिमटी पातळ कागदावर वळ उठवते आणि कोकणातल्या दमट हवेत गंजाचा डागही देते. चिकटपट्टीचा डिंक मागे राहतो. वर्तमानपत्राचा कपटा स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या पानालाही पिवळे करतो. ओले फूल तर घालूच नये. पैठणीच्या काठाची पट्टी कितीही मोहक दिसली, तरी जाड जरीमुळे पुस्तक नीट मिटत नाही, आणि ती महिनाभर एकाच जागी राहिली तर बांधणीवर ताण येतो. त्यापेक्षा हातकागदाची पातळ, पानाच्या उंचीहून जराशीच लांब आणि कच्चा रंग न लावलेली पट्टी केव्हाही बरी. तिच्यावर वारली चित्र असले तर दुधात साखर, पण ते चित्र बोटाला रंग लावणारे नसावे.

अर्थात ‘वाचनखूण’ या शब्दालाही एक मर्यादा आहे. तो मुळात वाचन थांबल्याची जागा सांगतो, वस्तू नव्हे. म्हणूनच संगणकाच्या पडद्यावर, जिथे वस्तू नसतेच, तिथे तो सहज बसतो. दुकानात “चार वाचनखुणा द्या” म्हणणाऱ्याला विक्रेत्याकडून प्रतिप्रश्न ऐकावा लागेल. विकत घेण्याच्या किंवा भेट देण्याच्या वस्तूसाठी मी ‘खूणपट्टी’ सुचवीन, आणि पुस्तकाच्या कण्यालाच जोडलेली असेल तिला सरळ ‘फीत’ म्हणेन, कारण तो शब्द आधीपासूनच आपल्याकडे आहे. बोलताना ‘बुकमार्क’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

लेखनाबाबत एवढे पाहावे, की एकवचनी ‘वाचनखूण’मधला ऊकार दीर्घ असला, तरी अनेकवचनात आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: वाचनखुणा, वाचनखुणेला, वाचनखुणांचा. ‘खूणपट्टी’त मात्र ‘खूणगाठी’प्रमाणे पहिले पद जसेच्या तसे राहते, त्यामुळे ‘खूणपट्ट्या’ आणि ‘खूणपट्टीला’ या रूपांतही ‘खू’ दीर्घच लिहावा.