परदेशात वारलेल्या पूर्वजांची नोंद कुठे शोधायची?

प्रश्न : नमस्कार ताई. वंशावळ करायला घेतलीये. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच घरात सगळे सांगतात. गावात, तहसीलला कुठेच मृत्यूची नोंद नाही. ट्रंकेत एक मोठी कांस्याची चकती आणि एक चांदीचं मेडल आहे. मृत्यूचा दाखला मिळवायला इराकच्या वकिलातीला लिहू का?
– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : वकिलातीला लिहू नका दादा, तिथून हाती काही लागणार नाही. तेव्हा तो मुलूख तुर्कांचा होता आणि पणजोबा ब्रिटिश हिंदी सैन्यातले, म्हणजे नोंद झाली ती पलटणीच्या दप्तरात. जन्ममृत्यूचा आपण म्हणतो तसा दाखला अशा शिपायांचा निघालेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या मागे वेळ घालवू नका.

आधी ट्रंकेतल्या वस्तू बाहेर काढा. ती चकती, जिच्यावर बाई आणि सिंह आहे, ती युद्धावर गेलेल्या सगळ्यांना मिळत नव्हती, जे वारले त्यांच्या घरच्यांनाच पाठवायचे, म्हणजे पणजोबा युद्धात वारले हे तिच्यावरूनच कळतं. पण तिच्यावर फक्त नाव असतं. खरी माहिती मेडलच्या कडेवर. उजेडात तिरकं धरून भिंगाने बघा, बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका, ती अक्षरं झिजली की गेली.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत वारलेल्या ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर जा, सर्च फुकट आहे. बहुतेक लोक इथेच हात टेकतात, कारण ते आज आपण लिहितो तसं आडनाव टाकतात आणि काही आलं नाही की नोंदच नाही असं धरून बसतात. तेव्हाच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय, जाधवच्या शेवटी व्ही असेल, डब्ल्यू असेल नाहीतर ओ, शिंद्यांमधला एच कधी असतो कधी नसतो, आणि पुष्कळदा आडनाव नाहीच. म्हणून आधी इंडियन आर्मी निवडा, साल 1914 ते 1921 धरा, आणि जादा माहितीचा जो रकाना आहे त्यात गावाचं नाव टाका, वेगवेगळ्या स्पेलिंगने. हिंदी शिपायांच्या कितीतरी नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं दिलेलं आहे. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं की आडनाव कसंही असू दे, माणूस आपलाच.

पलटण 103, 110 किंवा 117 नंबरची मराठा निघाली तर ती पुणे डिव्हिजनबरोबर इराकमधल्या कुट-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शरण गेल्यावर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कितीतरी जण वाटेत आणि रेल्वेच्या कामावर मेले. म्हणून तारीख एप्रिल 1916 नंतरची असेल तर कैदेत वारल्याची शक्यता तपासा. 1922 मध्ये पलटणींचे नंबर बदलले, म्हणजे नंतरच्या कागदांत 103 शोधत बसू नका, तीच पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन.

आणखी एक सांगते, कारण मला ते फार लागतं. ज्यांची कबर सापडली नाही अशा 40 हजारांहून जास्त लोकांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. नावं फक्त रजिस्टरात राहिली. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. तेव्हा कोणी बसऱ्याच्या स्मारकाचा फोटो आणून म्हणालं की यात तुमच्या पणजोबांचं नाव नाही, तर खचू नका. आणि रजिस्टरातही नसलं तर मेडल-चकतीचे फोटो जोडून कमिशनला लिहा, राहिलेली नावं ते पुरावा बघून घेतात.

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ 1930 च्या दशकात शिकायला विलायतेला गेले आणि तिथेच वारले. नातं सिद्ध करायला माझ्याकडे काही कागद नाही, तर दाखला देतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : देतील. तिथे मृत्यूचा दाखला कोणीही मागू शकतं, नात्याचा पुरावा लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1837 पासूनची नोंद जनरल रजिस्टर ऑफिसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाकडे आहे. इंडेक्समध्ये नोंद तिमाहीने लावलेली असते, त्यातला व्हॉल्यूम आणि पान नंबर घेऊन ऑनलाइन ऑर्डर करा. त्या काळातल्या नोंदीची पीडीएफ मिळते, छापील दाखल्यापेक्षा स्वस्त पडते आणि वंशावळीला तेवढी पुरे. त्यात मृत्यूचं कारण, राहण्याचा पत्ता आणि खबर कोणी दिली तेही असतं, हा खबर देणारा पुष्कळदा मित्र किंवा घरमालकीण असते आणि तिथून पुढचा धागा मिळतो. पण आधी घरातली जुनी पत्रं काढून ते नक्की कुठे शिकत होते ते बघा, कारण डॉक्टरीला आपली बरीच मुलं एडिंबराला जायची आणि स्कॉटलंडचं रजिस्टर वेगळं आहे, 1855 पासूनचं, ते स्कॉटलंड्सपीपल या साइटवर शोधावं लागतं.