आठवडा कोणाच्या नावावर?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की पुरुषांच्या टेनिसचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं, बावन्न आठवड्यांचं असतं. त्यावर पत्रं आली. बरीचशी प्रेमळ, एक चिडलेलं. बँकेत कॅशियर म्हणून एकतीस वर्षं आणि रजा टाकटाकून लाइन अंपायर (चेंडू रेषेच्या आत की बाहेर ते सांगणारा) म्हणून बावीस वर्षं, एवढ्याच भांडवलावर उत्तरं देतोय.

मी शाळेत शिकवते. मुलाबरोबर टेनिस पाहायला लागले. फेब्रुवारीत एका चॅनेलवर लाल माती, थोड्या वेळाने निळं कोर्ट, रात्री छताखालचा सामना. हे वेळापत्रक कोणी आखतं, की चिठ्ठ्या टाकतात? (नाशिक)

आखतात हो ताई, पण फेब्रुवारीवरून वर्षाची परीक्षा करू नका. तो सगळ्यात विस्कटलेला महिना. एरवी हे वर्ष उन्हाच्या मागे चालतं. जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळा, म्हणून सगळे तिकडे. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं इंडियन वेल्स आणि मग मायामी. एप्रिलपासून युरोपची लाल माती: माँटे कार्लो, माद्रिद, रोम, आणि मे-जूनमध्ये पॅरिसला फ्रेंच ओपन. मग गवताचे मोजके आठवडे आणि विम्बल्डन. ऑगस्टमध्ये कॅनडा, सिनसिनाटी आणि न्यूयॉर्कची यूएस ओपन. सप्टेंबर संपता संपता चीन-जपान. युरोपात थंडी पडली की पुन्हा पॅरिस, पण या वेळी छताखाली. शेवटी वर्षभरातले पहिले आठ जण वर्षअखेरच्या स्पर्धेसाठी इटलीत तुरिनला.

आता फेब्रुवारी. मेलबर्न, म्हणजे तिथली ऑस्ट्रेलियन ओपन, संपलेलं असतं, इंडियन वेल्स मार्चमध्ये, मधल्या काळात कोणतीही मोठी स्पर्धा सक्तीची नाही. मग जो तो आपल्या सोयीने जातो. मातीवर वाढलेले अर्जेंटिनाचे आणि स्पेनचे खेळाडू ब्यूनस आयर्स, रिओ, सँटियागो करतात. छताखालचा वेगवान खेळ आवडणारे रॉटरडॅमला. कोणी डॅलस, डेलरे बीच, अकापुल्को, तर कोणी दोहा-दुबई. म्हणजे एकाच आठवड्यात तीन खंडांत तीन वेगळे खेळ चाललेले असतात, आणि मला खरं सांगायचं तर वर्षातला हाच महिना जास्त आवडतो. माणूस कुठे जातो त्यावरून तो स्वतःच्या खेळाबद्दल काय समजतो ते कळतं. मुलाच्या हातात पृथ्वीचा गोल द्या आणि नावं शोधायला लावा. जाता जाता त्याला हेही सांगा की माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे मातीवरही चेंडू पळतो. आपलं पुणं साडेपाचशेच्या वर. बालेवाडीत नव्याने आलेल्या खेळाडूचे पहिल्या दिवशीचे फटके बेसलाइनच्या बाहेर जाताना मी पुष्कळ पाहिलेत.

माझा आवडता खेळाडू परवा फायनलला पोहोचला, तरी सोमवारी त्याचं रँकिंग घसरलं. हा कुठला न्याय? (कोल्हापूर)

हेच ते चिडलेलं पत्र. तुमचा राग बरोबर आहे, हिशेब मात्र चुकलाय. माझ्या बँकेच्या भाषेत सांगतो. रँकिंगचे गुण म्हणजे बावन्न आठवड्यांची मुदत ठेव. फरक इतकाच की मुदत संपली की ही बँक पैसे परत देत नाही, काढून घेते. तुमच्या गड्याने गेल्या वर्षी तीच 250 दर्जाची स्पर्धा जिंकली असणार. विजेत्याला 250, उपविजेत्याला 165. या वर्षी जुने 250 गेले, नवे 165 आले. आठवडाभर घाम गाळून खात्यात 85 ची तूट. मागचे दोघे-तिघे तेवढ्यात पुढे सरकले. स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण, हे लक्षात ठेवलं की हिशेब सोपा: 250, 500, मास्टर्सचे 1000. ग्रँडस्लॅमचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांचे, मात्र 2000.

न्यायाबद्दलच बोलायचं तर 2022 ची विम्बल्डन आठवा. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला म्हणून एटीपीने, म्हणजे पुरुषांचं टेनिस चालवणाऱ्या संघटनेने, त्या स्पर्धेला गुणच दिले नाहीत. जोकोविच जिंकला. आदल्या वर्षीचे 2000 गळाले, नवे शून्य. करंडक हातात घेऊन तो तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर गेला. त्यापुढे तुमच्या माणसाचे 85 काहीच नाहीत.

इथले जुने लोक सांगतात की ऑस्ट्रेलियन ओपन पूर्वी नाताळच्या आसपास व्हायची. खरं का? (मेलबर्न, मूळ गाव सातारा)

खरं आहे. 1977 मध्ये ती दोनदा झाली, जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक. मग 1985 पर्यंत डिसेंबरच. पण वर्षभर दमलेली मंडळी सणासुदीला घर सोडून इतक्या लांब यायला तयार नसत. स्वीडनचा दिग्गज बोर्ग अख्ख्या कारकिर्दीत तिथे एकदाच खेळला, 1974 मध्ये. शेवटी आयोजकांनी स्पर्धा वर्षाच्या शेपटीवरून उचलून तोंडाशी आणून ठेवली. त्या सरकासरकीत 1986 कोरडं गेलं, स्पर्धाच नाही. म्हणून स्वीडनच्याच एडबर्गची गंमत बघा: डिसेंबर 1985 जिंकला, नंतरची स्पर्धा जानेवारी 1987 ची, तीही जिंकला. लागोपाठ दोन विजेतेपदं आणि मध्ये एक आख्खं वर्ष गायब! 1988 ला मेलबर्नमधल्याच कूयाँग क्लबचं गवत सोडून ती आजच्या जागी, हार्डकोर्टवर गेली. नवं वर्ष, ताजे खेळाडू. तारीख बदलल्याने एखाद्या स्पर्धेचं इतकं भलं झालेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

कॅनडाची स्पर्धा कधी टोरांटो, कधी माँट्रियल असं का? (डोंबिवली)

आलटूनपालटून. एका वर्षी पुरुष टोरांटोत आणि महिला माँट्रियलला, पुढच्या वर्षी उलट. 2025 मध्ये पुरुष टोरांटोला होते. त्याच वर्षापासून कॅनडा आणि सिनसिनाटी या दोन्ही स्पर्धा आठवड्याऐवजी बारा दिवसांच्या झाल्या. नऊ मास्टर्सपैकी आता फक्त माँटे कार्लो आणि पॅरिस आठवड्याभरात उरकतात. मला हे पसरणं पटत नाही. मोठ्यांनी पाय पसरले की धाकट्यांनी कुठे झोपायचं? विम्बल्डननंतर अमेरिकेत न्यूपोर्टला गवतावर एक टुमदार 250 व्हायची. 2024 ला ती शेवटची. अटलांटाचीही त्याच वर्षी.

कारखान्यात रात्रपाळी असते, सकाळी सातला घरी येतो. मी कोणती ग्रँडस्लॅम पाहू? (चाकण)

यूएस ओपन. न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र संध्याकाळी सातला सुरू होतं, आपल्याकडे पहाटेचे साडेचार. तुम्ही चहा टाकाल तेव्हा दुसरा सामना रंगात आलेला असेल. मेलबर्नला दिवसाचं सत्र आपल्या पहाटे साडेपाचला, म्हणजे तीही जमेल, शिवाय दुपारी दीडला उठलात तर रात्रीचं सत्र. पॅरिस दुपारी अडीचला, विम्बल्डन साडेतीनला. झोप मोडून पाहू नका. मशीनवर उभं राहायचं असतं.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. प्रोफेशनल व्हायचं म्हणतो. वर्षाचं वेळापत्रक कसं लावू? (सांगली)

दादा, टीव्हीवरचं वेळापत्रक आधी विसरा. त्याचं वर्ष एम-15 आणि एम-25 नावाच्या स्पर्धांपासून सुरू होईल. एम-15 च्या मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की एक गुण, स्पर्धा जिंकली तर पंधरा. एम-25 ला पंचवीस. त्यावर चॅलेंजर, 50 पासून 175 पर्यंत. तो जिना चढता चढता रँकिंगमध्ये शंभराच्या आसपास पोहोचला की खरं दार येतं. ग्रँडस्लॅमच्या 128 जागांपैकी 104 थेट रँकिंगवर भरतात. सोळा पात्रता फेरीतून, आठ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने.

या जिन्यावर पाय दमतात त्याआधी खिसा दमतो. सुमित नागलने सप्टेंबर 2023 मध्ये सांगितलं होतं की त्याच्या खात्यात साधारण नऊशे युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! चार महिन्यांनी मेलबर्नला तो पात्रता फेरीतून वर आला, एकतिसाव्या मानांकित बुब्लिकला हरवलं, दुसऱ्या फेरीत हरला, आणि एक लाख ऐंशी हजार ऑस्ट्रेलियन डॉलर कमावले. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात शिरला. पण प्रत्येकाला मेलबर्न मिळत नाही. तेव्हा एक सांगतो: एकट्या-दुकट्या स्पर्धेसाठी लांबचं तिकीट काढू नका. एकाच देशात किंवा शेजारशेजारच्या गावांत लागोपाठ तीन आठवडे आहेत का ते बघा. प्रवास एकदाच होतो आणि पहिल्या आठवड्यात हरलं तरी दुसऱ्याची तयारी तिथेच होते. चौथा आठवडा घरी. त्या आठवड्यात रॅकेटला हातही लावू देऊ नका, आईच्या हातचं खाऊ दे.

आपली बालेवाडीची स्पर्धा गेली कुठे? पुणेकरांनी काय घोडं मारलं होतं? (पुणे)

पुणेकरांनी नाही मारलं. तुम्हाला पुण्याच्या भाषेत सांगतो: स्पर्धेचा हक्क असतो मालकाचा, शहर असतं अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू. ही 250 दर्जाची स्पर्धा 1996 ला दिल्लीत सुरू झाली, 1997 पासून 2017 पर्यंत चेन्नईला राहिली, मग आपल्याकडे आली. पाच वेळा झाली: 2018, 2019, 2020, 2022, 2023. 2024 पासून जानेवारीतला तो आठवडा हाँगकाँगकडे गेला.

आणि त्या आठवड्यालाच किंमत होती. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर सगळ्यांना सराव हवा असतो. वावरिंका 2014 मध्ये चेन्नई जिंकून मेलबर्नला गेला आणि तेही जिंकला. आपल्याकडे 2019 च्या फायनलला कार्लोविच आणि अँडरसन होते, एक सहा फूट अकरा इंच, दुसरा सहा फूट आठ. तिन्ही सेट टायब्रेकवर, 7-6, 6-7, 7-6. माझी पाळी संपली होती, मी स्टँडमध्ये होतो, आणि देवाची शपथ, सर्व्हिस लाइनवर मी नव्हतो याचं बरं वाटलं.

मग 2020 ला जानेवारीच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात एटीपी कप ही देशोदेशीच्या संघांची स्पर्धा सुरू झाली, आणि आपली स्पर्धा फेब्रुवारीत ढकलली गेली. मी शहाण्यासारखी सहा महिने आधीच जानेवारीची रजा मंजूर करून घेतली होती. ती बदलून मिळाली नाही. त्या आठवड्यात मी घरी बसून माळा आवरला, आणि फेब्रुवारीत बिनपगारी रजेवर बालेवाडीला उभा राहिलो. फेब्रुवारीत मेलबर्न होऊन गेलेलं, त्याच आठवड्यात अर्जेंटिनात कोर्दोबा आणि फ्रान्समध्ये माँपेलिए. पुण्याची वाट वाकडी करून कोण येणार? 2023 ला जानेवारी परत मिळाला, तो एकदाच.

आमची रेषेवरची जागाही आता गेली. 2025 पासून एटीपीच्या स्पर्धांत रेषेचा निकाल कॅमेरे देतात, विम्बल्डननेही त्याच वर्षी माणसं काढली. फ्रेंच ओपनने तेवढी ठेवली.

पण बालेवाडी बंद नाही. 2024 आणि 2025 च्या फेब्रुवारीत तिथे चॅलेंजर 100 झाली. 2024 ची जिंकली मोनॅकोच्या वाशेरोने. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात हाच वाशेरो जगात 204 वा असताना शांघायला गेला, पात्रता फेरीतून वर आला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि फायनलला स्वतःच्या मावसभावाला हरवून मास्टर्स जिंकला. इतक्या खालच्या क्रमांकाच्या माणसाने मास्टर्स आजवर जिंकलेली नव्हती. बालेवाडीत तो खेळत होता तेव्हा मी तिकडे होतो. पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसायला जागा होती.