कार्ताझ: बंदी नव्हे, जकात

तुम्ही विचारलंत, सोळाव्या शतकात मूठभर पोर्तुगीज जहाजांनी अरबी समुद्रावरचा मुसलमानांचा व्यापार खरंच बंद पाडला का? नाही. त्यांनी त्यावर जकात बसवली, आणि तीही सगळीकडे वसूल झाली नाही.

त्यांचं हत्यार कार्ताझ, म्हणजे त्यांच्याकडून घ्यावा लागणारा समुद्रात फिरण्याचा परवाना. शब्द अरबी 'किर्तास'वरून, अर्थ कागद. त्यात जहाजाचा आकार, नाखुद्याचं (कप्तानाचं) नाव, माणसं-हत्यारं किती, कुठून कुठे जाणार, हे लिहिलेलं असे. मिरी आणि शस्त्रं न्यायची नाहीत, तुर्कांना जहाजावर घ्यायचं नाही. फी किरकोळच. खरी वसुली दीव, गोवा, होर्मुझ इथल्या जकात-नाक्यांवर, कारण तिथे थांबण्याची अटच असे. लिहिल्यापेक्षा वेगळं काही सापडलं तर जहाज मालासकट जप्त. (मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे त्यांचा सागरी परवाना, याच जातीचा. त्याला चाचेगिरी म्हणणाऱ्यांनी आधी कार्ताझ नीट पाहावा.)

व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त झोंबायचा तो वेळ. सुरतेहून मक्केजवळच्या जेद्दा बंदराला जाणारी जहाजं साधारण मार्चमध्ये सुटत आणि पावसाळा ओसरताना परतत. कागद रखडला की वारा गेला, भांडवल वर्षभर अडकलं. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तीसुद्धा परवान्यापायी सुरतेला दीर्घकाळ खोळंबली. त्यातून कार्ताझवर येशू-मेरीची चित्रं. अशा कागदानिशी जावं लागतं म्हणून हज बंधनकारक नाही, असा फतवा अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या धर्मपंडिताने दिला होता.

गळती कुठे झाली? लाल समुद्रात. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ पोर्तुगीजांच्या हाती आलं. पण १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचा लाल समुद्राच्या वाटेवरच्या एडन बंदरावरचा हल्ला फसला. तळाशिवाय बाब-अल-मंदेबची, म्हणजे लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीची, नाकेबंदी करायची तर दर मोसमात गोव्याहून आरमार धाडायचं, तेही एवढ्या लांब. ते सातत्याने जमलं नाही. १५१७ मध्ये इजिप्त उस्मानी तुर्कांकडे गेलं, १५३८ मध्ये एडनही. मग सुमात्रातल्या आचेची मिरीची जहाजं मलबार टाळून, मालदीवकडून थेट लाल समुद्रात शिरू लागली. १५६० च्या दशकात इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरामार्गे व्हेनिसला पुन्हा भरपूर मिरी पोचत होती.

आणि कागद असला तरी हमी नव्हती. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं, तेव्हा त्यावर कार्ताझ होता. समुद्रावर जाब विचारायला मुघलांकडे आरमार नव्हतं. म्हणून जहांगीरने पोर्तुगीजांच्या दमणवर फौज धाडली.