हात कोरडे झाले की

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. भांड्यावरचं ग्लेझ, म्हणजे तो काचेसारखा लेप, कडेला आकसून गोळा का होतं, या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, तो कागद सोबत आहे. हे पत्र आहे तू शेवटी जाता जाता लिहिलेल्या तीन ओळींबद्दल. तू लिहितेस, ‘सर, मी दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढते. त्यापुढे मातीची धूळ ती किती? मास्क चढवताना आता ढोंग केल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून तो घालणं बंद केलं.’

म्हणजे दोन गोष्टींची तुलना केलीस आणि त्यातून सोडलास तो मास्क. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

तुझ्या म्हणण्यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. तुझा स्टुडिओ लहान आहे, तू आठवड्याला वीस-पंचवीस तास काम करतेस, त्यातलं बरंचसं ओल्या मातीत. जागा नीट पुसलेली ठेवलीस तर या दोघांत सिगारेटच मोठी वैरीण आहे. ग्लेझमधल्या विषारी बेरियम कार्बोनेटचं नाव काढलं की दोन पावलं मागे सरणारे, पण ओठांत सिगारेट धरून ग्लेझ ढवळणारे कलाकार मी पाहिले आहेत. त्यांना मी तेव्हाही म्हणालो होतो, भीती बाळगायची तर आधी त्या सिगारेटची बाळगा. पण यावरून ‘मग धुळीचं काय एवढं’ असा अर्थ तू काढतेस, तिथे मी तुझ्याबरोबर नाही. तू तराजू घेऊन बसलीस, एका पारड्यात सिगारेट आणि दुसऱ्यात माती. फुप्फुसात अशी दोन पारडी नसतात. जे जातं ते एकाच ठिकाणी जातं.

आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. ते रात्रंदिवस हलत असतात आणि अडकलेली धूळ कफाबरोबर वर घशाकडे ढकलत राहतात. धुराने हे तंतू मंदावतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं की ते झडतातही. म्हणजे दिवसभर धुळीत बसणाऱ्या बाईने आधी घरातली केरसुणीच मोडून टाकायची, तसं हे आहे. न ओढणाऱ्याच्या छातीतून जी धूळ दुसऱ्या दिवशी खाकरून बाहेर पडली असती, ती तुझ्या छातीत जास्त दिवस मुक्काम करते.

आणि ती धूळ डोळ्यांना दिसणारी नव्हे. आपली 200 मेशची चाळणी आठव. तिचं भोक 75 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या 75 हजारांशाचं असतं, साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढं. फुप्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसतो तो चार-पाच मायक्रॉनच्या आतला कण. सकाळी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जे नाचताना दिसतं त्यातलं बरंचसं नाकात अडकतं. न दिसणारं आत जातं. आपल्या मातीत आणि ग्लेझमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारेची पूड, असते. तिचा एक मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला, हवा अगदी स्थिर असली तरी, चार तासांहून जास्त घेतो. तू दुपारी सुकं ग्लेझ चाळलंस, पंखा लावलास, संध्याकाळी मास्क काढून चहा प्यायला त्याच खोलीत बसलीस, तर दुपारचीच धूळ तू संध्याकाळी पितेस.

आत गेलेल्या क्वार्ट्झच्या कणाला शरीरातल्या पेशी गिळायला जातात आणि त्याच मरतात. तिथे व्रण होतो. व्रण झालेला भाग पुन्हा फुगत नाही. सिलिकोसिस म्हणतात तो हाच. त्याला औषध नाही, आणि धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढू शकतो. या धुळीने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या, गटात नोंदवलं. तंबाखूचा धूर त्याच गटात त्याच्याही आधीपासून आहे. ज्याला सिलिकोसिस आहे आणि जो ओढतोही, त्याचा धोका दोन्ही धोके वेगवेगळे धरून वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

हे काही नवं ज्ञान नाही. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये कुंभार मातीत भाजलेली गारगोटी कुटून घालायला लागले तेव्हा ती कोरडी कुटणारी माणसं पटापट मरू लागली. म्हणून 1726 साली थॉमस बेन्सन नावाच्या माणसाने ती पाण्यात दळण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. धुळीवर पाणी हा उपाय तीनशे वर्षांचा आहे. आणि आपल्याकडचं सांगायचं तर मी ज्या पेन्सिलीने पाटीवर श्रीगणेशा गिरवला तशा पाटीच्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला बनायच्या. तो दगड कोरडा कापणाऱ्या कामगारांमध्ये सिलिकोसिस मोठ्या प्रमाणावर सापडला. त्यातले कितीतरी जण तुझ्याच वयाचे होते.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. हे मला कोणी शिकवलं नाही, स्वतःकडे बघून कळलं. तू चाकावर बसलेली असताना सिगारेट ओढत नाहीस. ओढूच शकत नाहीस, कारण हात कोपरापर्यंत चिखलात असतात. माती मळतानाही नाही. मग कधी ओढतेस? आठवून बघ. अर्धवट सुकलेलं भांडं चाकावर उलटं घालून तू त्याचा तळ खरडतेस, तेव्हा. बिस्क झालेल्या, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेल्या, कपांना सँडपेपर मारतेस तेव्हा. पोतं फोडून ग्लेझसाठी फेल्डस्पारची दगडी पूड तोलतेस तेव्हा. भट्टी रिकामी करून शेल्फवरचा पांढरा लेप खरवडतेस तेव्हा. हात कोरडे झाले की सिगारेट आठवते, आणि आपल्या कामात हात कोरडे असतात नेमके तेव्हाच हवेत धूळ असते. माझ्या बावीस वर्षांतली एकूण एक सिगारेट मी अशीच ओढली. दोन्ही सवयी एकाच वेळेला एकाच खोलीत भेटत होत्या, आणि मी त्यांना वेगवेगळ्या समजत होतो.

मास्क काढल्याशिवाय सिगारेट ओठांत जात नाही, हेही त्यातच आलं. तुला मास्क ढोंग वाटायला लागला त्याचं कारण मला वाटतं हेच असावं. तो दर वीस मिनिटांनी खाली ओढावा लागत होता.

माझं तुला पूर्ण कधी सांगितलं नव्हतं. भट्टीकडून वरच्या रस्त्याला जाताना मी दोनदा थांबतो, ते तू पाहिलं आहेस. तुला वाटायचं मी दरी बघतोय. मी 1976 साली विडीपासून सुरुवात केली, पुढे सिगारेट आली. रोज सकाळी अर्धा तास खोकला. घरातले म्हणायचे सिगारेटचा खोकला, मीही तेच म्हणायचो. एका डॉक्टरकडे तीन वर्षं जात होतो. दिवसाला किती ओढता हे त्यांनी दर वेळी विचारलं आणि लिहून घेतलं. तुम्ही काम काय करता, हे एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. 1998 साली सिगारेट सोडली. खोकला कमी झाला, पण वर्ष उलटलं तरी गेला नाही. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझ्या नखांतली माती पाहिली आणि खुर्ची पुढे ओढून सगळं विचारत बसले. एक्स-रे निघाला, जोरात फुंकायची चाचणी झाली. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके होते. मी त्यांना विचारलं, यातलं सिगारेटचं किती आणि मातीचं किती? ते म्हणाले, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

ज्या खोकल्याने मला दहा वर्षं आधी सावध करायला हवं होतं तो खोकला सिगारेटच्या नावावर जमा होत राहिला. तुझं वय सव्वीस. तुला आता सकाळी खोकला येतो का, हे तू लिहिलेलं नाहीस. या आठवड्यात छातीचा एक एक्स-रे आणि फुंकायची चाचणी करून घे. काही नसेलच, पण पुढे कधी तुलना करायला आजचा कागद हाताशी राहील. डॉक्टरांना स्वतःहून सांग की मी मातीकाम करते, त्यात क्वार्ट्झ असतं. आपल्याकडे सिलिकोसिस क्षय समजून वर्षानुवर्षं औषधं दिली जातात. आणि खरंच सिलिकोसिस असेल तर क्षयाची भीतीही वाढते.

हातांचंही सांगतो. खालच्या गावातले आपले कुंभारदादा आवा लावायच्या आधी तळहातावर तंबाखू-चुना मळतात. त्यांच्या हातावर माती, राख आणि घोड्याची लीद असते. ते चांगलं नाहीच, पण तुझ्या बोटांवर मँगनीज असतं, तांब्याचा कार्बोनेट असतो, उंदीर मारायला वापरतात तो बेरियम कार्बोनेट असतो. स्वस्तातलं एखादं जुनं फ्रिट, म्हणजे ग्लेझमध्ये घालायची काचेची पूड, शिशाचं असलं तर तेही. सिगारेटचं टोक जिथे बोटांत धरतेस तेच ओठांत जातं. शिशाच्या कारखान्यांत ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे की हात न धुता खाणारे आणि ओढणारे जास्त शिसं पोटात घेतात. तुझा वडापावही यातच आला. स्टुडिओच्या टेबलावर खाणं बंद कर, चहाचा कपसुद्धा बाहेर.

भट्टीचं थोडक्यात. रिडक्शनमध्ये आपण मुद्दाम हवा कमी करतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या रक्तात तो 5 टक्क्यांच्या आसपास आधीच बसलेला असतो. सात-आठ ओढणारीच्याही काही असतोच. भट्टीजवळ तुझं डोकं दुखतं असं तू मागे म्हणाली होतीस. मी तेव्हा जागरणामुळे असेल म्हणालो, ते चुकलं. भिंतीतला तो पंखा बसवून घे, आणि बसवेपर्यंत दार उघडं टाकून बाहेर बस.

धारावीच्या कुंभारवाड्यात मी पुष्कळ गेलो आहे. तिथे भट्ट्या घरांच्या मधोमध आहेत, चिंध्या-सुताच्या जळणावर चालणाऱ्या. ज्या बायकांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही त्या पहाटेपासून तो धूर घेत स्वयंपाक करतात. त्यांना निवड नव्हती. तुला आहे, म्हणून तुझ्यावर थोडा रागावलो आहे.

मास्क आजपासून पुन्हा घाल. सिगारेट सुटेपर्यंत थांबू नकोस. ढोंग वगैरे काही नाही त्यात, ओढणाऱ्या छातीला मास्कची गरज जास्त. रुमाल चालणार नाही, कापडी मास्कही नाही. एन-95 घे, नाकावरची पट्टी नीट दाब, चार दिवसांनी मळला की टाकून दे. स्टुडिओत झाडू नकोच. फरशी ओल्या फडक्याने पूस, फडकं सुकायच्या आत धू. सँडपेपर पाण्यात बुडवून मार. ग्लेझ तोलताना आधी बादलीत पाणी, मग वरून हळूच पावडर, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अप्रन घरी नेऊ नकोस. आणि शनिवारी तुझ्याकडे लहान मुलं शिकायला येतात ना, त्यांच्यासाठी तरी शुक्रवारी रात्री शेवटचं पुसून घे, म्हणजे सकाळपर्यंत हवेतली धूळ खाली बसलेली असेल.

सिगारेटचं मी तुला वचन मागत नाही. मला स्वतःला चौथ्या खेपेला जमलं. 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, सोडू पाहणाऱ्यांशी तिथली माणसं बोलतात. औषधांच्या दुकानात 2 मिलिग्रॅमचा निकोटिनचा च्युइंगम मिळतो. आधी एवढंच कर, स्टुडिओच्या उंबऱ्याच्या आत एकही नाही. ओढायचीच असेल तर हात साबणाने धू, अप्रन काढ, बाहेर जा. माझ्या अनुभवात एवढे सोपस्कार करायचे म्हटलं की आठातल्या तीन आपोआप गळतात.

सगळ्यांत अवघड जातात ते भट्टीचे तास. बारा तास थांबायचं, दर अर्ध्या तासाला एकदा बघायचं, आणि मध्ये हातांना काही काम नाही. मला सोडल्यावर खोकल्यापेक्षा तो रिकामा वेळ जास्त छळायचा. मग मी बांबू कोरायला लागलो. भट्टीपासून लांब, विहिरीच्या कट्ट्यावर कंदील घेऊन. निघताना मी तुला दिलेलं ते तळ खरडायचं बांबूचं हत्यार एका अशाच रात्री झालेलं आहे. त्याच्या मुठीपाशी एक चीर आहे बघ. पहाटे तीनला फार तलफ आली होती आणि सुरी घसरली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी भट्टी लावतो आहे. एक्स-रे घेऊन ये आणि एक चांगली सुरी आण. बांबू इथे भिजत घातला आहे.

तुझा,
सर